घोटावड्याची खाट

पहिल्या दिवशी मी पळायला निघालो आणि आमच्या वडिलांना, आण्णांना, मारून आलो. म्हणजे आण्णा धडधाकट होते, गोठ्यात बसून म्हशीची पेंड कालवत होते. पण ते गेले अशी बातमी मारुंजीच्या अर्ध्या गावात पोचली होती, आणि ती पोचवली होती मी. त्याचं असं झालं की पळण्याचे बूट मी पिंपरीच्या बाजारातून गुपचूप आणले होते आणि ते घालून आळीतून जायची मला लाज वाटत होती. म्हणून बूट पिशवीत घालून काखेत मारले, अंगात बनियन, खांद्यावर पांढरा टॉवेल, पाय अनवाणी, आणि उजाडायच्या सुमारास असा सुटलो. गावाबाहेर गेलं की बूट घालायचे असा बेत होता. आमच्याकडं तेव्हा चांगला वाढलेला बाप्या कारणाशिवाय पळत नसे. पळाला तर म्हैस सुटलेली असायची नाहीतर कुणीतरी गेलेलं असायचं. आणि माझ्यापुढं म्हैस नव्हती. खालच्या आळीच्या ताराकाकू अंगणात सडा टाकत होत्या, त्यांनी विचारलं, काय झालं रं? माझा दम तेवढ्यातच गेला होता. बोलवेना, म्हणून मी 'काही नाही' अशा अर्थानं हात वर करून हलवला. काकूंनी तो हात आणि तो टॉवेल मिळून जो अर्थ लावायचा तो लावला.

पंधरा-वीस मिनिटांनी मी परत आलो तेव्हा आमच्या दारात पंचवीसएक माणसं उभी होती. दोघीजणी पदर डोळ्याला लावून होत्या. कुणीतरी बांबूची चौकशीही सुरू केली होती. मध्ये आण्णा, पेंडीनं भरलेले हात तसेच धरून, आपल्याच मयताला आलेल्या माणसांकडं बघत उभे. मला बघून ते शांतपणे म्हणाले, "ये. कोण गेलंय त्ये जरा सांग ह्यांना. मगाधरनं सगळी माझ्याच तोंडाकडं बघत्यात."

मी काखेतली पिशवी मागं लपवली. तर बूट त्यातून खाली पडले. नवे, पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. सगळे त्या बुटांकडं बघत राहिले आणि मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अर्ध्याला नवीन खूळ लागलं." माणसं हसत पांगली. आत दाराशी सुमन उभी होती. आमच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. ती हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

'अर्ध्या' हे माझं गावातलं नाव. ते कसं पडलं हे सांगायला मला आजही फारसा आनंद होत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शिक्षण अर्धं सोडलं होतं. कोंबड्यांची शेड अर्धी बांधून ठेवली होती. तिच्या भिंती कमरेइतक्या वर आल्या आणि माझा उत्साह तिथंच थांबला. पुढं आईनं त्यात गोवऱ्या रचल्या. पण नाव पडलं ते कुस्तीनं. आण्णा त्यांच्या काळातले चांगले पैलवान. त्यांच्या हौसेखातर मी तालमीत चार वर्षं माती अंगाला लावली आणि एकोणिसाव्या वर्षी पौडच्या फडात पहिली मोठी कुस्ती धरली. समोरचा पोरगा माझ्याच वजनाचा होता, माझ्याहून काही फार भारी नव्हता. पाच-सात मिनिटं झाली, कुणाचीच पाठ लागली नव्हती, आणि एकाएकी मला वाटलं की हे आता संपावं. बस्स, इतकंच. मी पाय मुरगळला म्हणून हात वर केला आणि लंगडत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्वतः माझा घोटा मांडीवर घेऊन तेल लावलं. त्यांची बोटं घोट्यावरून सगळीकडून फिरली. सूज नव्हती, कळ नव्हती, काहीच नव्हतं. त्यांना कळलं आणि मलाही कळलं की त्यांना कळलं. त्यांनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि ते रानात निघून गेले. त्यानंतर तालमीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच विसरून गेलो असतो.

त्या वर्षांतलं आमचं घर म्हणजे मधोमध जुनं कौलारू घर, एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला आण्णांनी नव्यानं बांधलेल्या पत्र्याच्या दहा खोल्या. हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या तशी आमच्या हद्दीपर्यंत माणसं राहायला आली. सकाळी साडेसातला दहा खोल्यांतून दहा कुकरच्या शिट्ट्या एकामागून एक व्हायच्या आणि प्रत्येक शिट्टीला आमची लाल म्हैस कान टवकारायची. कुणाच्या खोलीतून हिंदी गाणं, कुणाच्या खोलीतून फोडणीचा ठसका, रस्त्यावर कंपनीच्या गाडीचा भोंगा आणि या सगळ्यात आई चुलीपुढं बसून हुलग्याचं माडगं ढवळत असायची. माडगं हे आईच्या मते सर्दीपासून बेअक्कलपणापर्यंत सगळ्यावर औषध. मला ती रोज दोन वाट्या द्यायची, यावरून काय ते समजून घ्या.

चार नंबरच्या खोलीत वानखडे राहायचे. यवतमाळकडचे, संगणकावर काम करणारे, काडीसारखे बारीक, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. ते रोज पहाटे पळायचे. गावानं त्यांना 'बाहेरचं माणूस, त्याला काय' म्हणून माफ केलं होतं. मी त्यांना पाणी सोडण्याच्या निमित्तानं बघायचो. एवढा किडकिडीत माणूस तासभर पळून येतो आणि आल्यावर नळाशी उभा राहून गुणगुणतो, याचं मला नवल वाटायचं आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. बूट त्या रागातून घेतले होते. मयताच्या प्रकरणानंतर संध्याकाळी ते स्वतःच आले आणि म्हणाले, "उद्यापासून माह्यासंगं चला जी. दोघं दिसले म्हणजे लोकं रडत नाहीत."

पहिले पंधरा दिवस मी ओढ्याच्या पुलापलीकडं गेलो नाही. पूल आला की माझ्या बुटाची नाडी सुटायची. नाडी पक्की बांधली तर खडा जायचा. खडा नसला तर कुत्रं आडवं यायचं, कुत्रं नसलं तर आई वाट बघत असेल असं वाटायचं. वानखडे जागच्या जागी पळत उभे राहायचे. मग एक दिवस म्हणाले, "पाय नाही थकत तुमचे. डोकं थकते. त्याले रोज एक कारण लागते. बोलू द्या न त्याले, मोठ्यानं बोलू द्या. फक्त तुम्ही थांबू नका."

म्हणजे असं की थांबावंसं वाटलं की कारण ओरडून सांगायचं आणि पळत राहायचं. हा प्रकार मला येडचाप वाटला, पण दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मारुंजीच्या शिवारात पहाटे माझा आवाज घुमू लागला. "पोटात दुखतंय!" दहा पावलं. "डाव्या गुडघ्यात कळ येतीय!" आणखी वीस पावलं. "म्हशीची धार राहिलीय!" रानात पाणी धरणारे लोक खोरं थांबवून बघायचे. ताराकाकूंनी आईला येऊन सांगितलं की तुमच्या पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय, रोज आपलीच दुखणी देवाला सांगत पळतोय. आईनं माडग्याची तिसरी वाटी चालू केली. पण मोठ्यानं म्हटलं की कारणाचं काहीतरी होतं, हे मला हळूहळू दिसायला लागलं. मनात असताना ते पैलवानासारखं मांडी ठोकून उभं असतं. तोंडातून बाहेर पडलं की त्याची उंची वीतभर होते. पुलाच्या पुढं गेलो. मग वीटभट्टीपर्यंत, मग माणच्या शिवेपर्यंत. एक दिवस असा आला की मला सांगायला कारणच सुचेना, मी गप्प पळत होतो आणि वानखडे काळजीनं म्हणाले, "बरं आहे न तुम्हाले?"

आज माझी मुलगी मनगटावर घड्याळ बांधून पळते. ते तिला ठोके, वेग, झोप, सगळं सांगतं. मी तिला कारणं ओरडण्याची युक्ती सांगितली तर म्हणाली, बाबा, सोसायटीचे लोक तक्रार करतील. खरं आहे. जिथं मी गुडघा दुखतोय म्हणून बोंबलायचो तिथं आता चौदा मजले उभे आहेत.

चैत्रात आमच्या गावची यात्रा. त्या साली बैलगाड्यांच्या शर्यतीचं जमत नव्हतं, म्हणून कमिटीतल्या कुणीतरी माणसंच पळवू अशी टूम काढली. मारुंजीच्या देवळापासून माण, मग खिंड चढून घोटावडे आणि तिथून पुढं पिरंगुटच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत. अंतर सोळा किलोमीटर म्हणाले. ते मोजलं होतं कमिटीतल्या एकाच्या मोटरसायकलीवर, आणि त्या मोटरसायकलीचा काटा उतारावर झोपायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वानखड्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही. यादी देवळात वाचून दाखवली. माझं नाव आलं तेव्हा मागून आवाज आला, "ह्याचं आठच किलोमीटर लिव्हा." आण्णा पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. त्या पाठीला मी पाच वर्षं काहीही पुरतं करून दाखवलेलं नव्हतं, आणि आता सुमनलाही हे नाव पाठ झालं होतं. पाणवठ्यावरच्या बाया तिला 'अर्ध्याची' म्हणत. ती घरी येऊन सांगत नसे. मला दुसऱ्यांकडून कळे. माझं ठरलं होतं ते एवढंच की शेवटचा आलो तरी चालेल, पण त्या फाट्यावर पोचायचं.

यात्रेआधी सुमन माहेरी गेली. तिचं माहेर घोटावडे, घर भर रस्त्यावर. जाताना तिनं विचारलं, "आमच्या दारावरनंच जाणार न्हवं तुमी?" मी जरा ऐटीत म्हणालो, जाणार, पण बघ हां, डोळ्याचं पातं लवायच्या आत जाईन.

शर्यतीला अठ्ठावीस जण उभे राहिले. त्यात पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं होती, ती नारळ फुटताच दिसेनाशी झाली. वानखडेही आपल्या चालीनं पुढं गेले. आदल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं की आज तुमचे तुम्ही. माणपर्यंत मी बरा होतो. खिंडीच्या चढाला ऊन तापलं. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, डांबराचा वास, आणि वर बघितलं की रस्ता वळून आणखी वर जाताना दिसायचा. तिथं मला आईचा हात आठवला. लहानपणी भात लावताना मी दर दोन मिनिटांनी कंबर सरळ करून बांध किती राहिला ते बघायचो, आणि एकदा आईनं चिखलाच्या हातानंच थोबाडीत दिली होती. बांधाकडं बघून कुणाचं खाचर लावून झालंय का, म्हणाली होती, हातातल्या रोपांच्या मुठीकडं बघ, मूठ संपली की दुसरी घे. मी खाली बघितलं. डांबर, पाय, डांबर, पाय. अशा किती मुठी लावल्या देव जाणे, पण एकदम वारा लागला आणि खिंड संपली होती. उतरताना मी जवळजवळ खुशीत होतो. चार किलोमीटर राहिले होते.

आणि घोटावड्यात सासुरवाडीनं रस्ता अडवला.

अडवला म्हणजे शब्दशः. मेहुणा दत्ता हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा. दारात रांगोळी, पाटावर तांब्या, सासूबाई हातात ताट घेऊन, त्यांच्या मागं दोन चुलत सासवा आणि शेजारची बायामाणसं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, जावई दारावरून चाललाय, आणि त्याला तसाच जाऊ दिला तर भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. शर्यत असली म्हणून काय झालं? मी "थांबता येत नाही" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दत्तानं दंड धरून मला ओट्यापर्यंत नेलंसुद्धा. ओट्यावर खाट टाकली होती. तिच्यावर नवी चादर, टेकायला लोड. मी बसलो.

बसलो आणि संपलो. ज्यांनी लांब पळून पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. मांड्या एकदम लोखंडाच्या झाल्या आणि जीव मात्र लोण्यासारखा. सासूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी ठेवली, हातात नारळ दिला. कुणीतरी पंखा घालत होतं. आतून वेलदोड्याच्या चहाचा वास येत होता, आणि चहाच्या मागं कांदाभजी आहेत हेही नाकाला कळत होतं. सासरे म्हणाले, "आता बसा निवांत. खिंड चढून आलात, लई झालं. फाट्यावर काय सोनं ठेवलंय व्हय? जेवूनच जा."

तो क्षण मला अजून स्वच्छ आठवतो. पौडच्या फडात मला खोटा पाय मुरगळावा लागला होता. इथं काहीच खोटं करायला नको होतं. सगळं खरं होतं, रीतसर होतं, कुंकवासकट होतं. जावई सासुरवाडीला थांबला, यात कुणी कशाला हसेल? उलट न थांबता गेला असता तर नावं ठेवली असती. इतकं चांगलं कारण मला जन्मात कधी मिळालं नव्हतं आणि पुढंही मिळणार नव्हतं. सुमन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दारावरून माझ्यामागचा एक धावणारा पाय ओढत पुढं गेला. मग दुसरा गेला.

सवयीनं म्हणा, घाबरून म्हणा, मी ते कारण मोठ्यानं म्हटलं. "सासुरवाडीला आलोय, बसायलाच पाहिजे."

दत्ताला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय. तो म्हणाला, "मग, बसा की दाजी." पण मी माझं वाक्य माझ्याच कानानं ऐकलं होतं. म्हशीची धार राहिलीय, कुत्रं आडवं आलं, त्याच रांगेतलं ते होतं, फक्त टोपी घालून आलेलं. मी उठलो. म्हणजे पहिल्या खेपेला उठता आलंच नाही, लोड गडगडला आणि मी परत खाटेवर बसलो. दुसऱ्या खेपेला दत्ताच्या खांद्याला धरून उभा राहिलो. सासूबाई म्हणाल्या, "अवो चहा तरी." मी वाकून त्यांच्या पाया पडलो, आणि वाकल्यावर परत सरळ होताना काय झालं ते सांगत नाही. मग ओट्याची पायरी उतरून रस्त्याला लागलो.

नारळ हातातच राहिला होता. ओवाळून दिलेला नारळ परत द्यायचा नसतो आणि रस्त्यात ठेवायचा नसतो, एवढं मला कळत होतं. टोपी काढली तर सासऱ्यांचा अपमान. त्यामुळं शेवटचे चार किलोमीटर मी कपाळाला कुंकू, डोक्याला टोपी आणि छातीशी नारळ धरून पळालो. पळालो म्हणणं हाही जरा मोठेपणाच आहे. एका टप्प्यावर एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या बाजूनं चालत होती आणि आम्ही बराच वेळ बरोबर होतो. तिनं विचारलं, लगीन कुणाचं हाय? मी म्हणालो, माझंच, झालंय. नारळ एकदा या हातात, एकदा त्या हातात. पोटऱ्यांत गोळे येत होते आणि मी तसं ओरडून सांगत होतो. मग तेही सांगायचं बंद झालं. मूठ, मूठ, मूठ.

फाट्यावर पोचलो तेव्हा शेवटची दोरी काढून गुंडाळून ठेवली होती. कमिटीचा माणूस मांडवाचे खांब उपटत होता. अठ्ठाविसातले चौघे वाटेतच थांबले होते, म्हणून मी चोविसावा, आणि शेवटचा. वानखडे सहावे आले होते, ते रस्त्याच्या कडेला केळं खात बसले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. आण्णा लुना घेऊन थांबले होते. दोरी नव्हती म्हणून कुठं थांबायचं ते मला कळेना, मी तसाच लुनापर्यंत पळत गेलो. त्यांनी माझ्या टोपीकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. मग म्हणाले, "बस मागं. न्हाईतर ऱ्हाऊ दे, जरा चाल. एकदम बसू नगं, पाय धरत्यात." आणि लुना सुरू न करता हातानं ढकलत ते माझ्या शेजारून पिरंगुटच्या चौकापर्यंत चालत आले. सबंध वाटेत आम्ही भाताच्या बियाण्याबद्दल बोललो. मला वाटतं, आण्णांशी माझं त्याआधी एवढा वेळ कधीच बोलणं झालं नव्हतं.

दोन दिवसांनी सुमन माहेराहून आली. मी ओसरीवर मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं आणि जिना उतरायचा म्हटला की मी उलटा उतरत होतो. गावात माझ्या टोपीच्या आणि नारळाच्या गोष्टीला तोवर बरीच फोडणी बसली होती. मी जरा रुसव्यानंच तिला म्हणालो की तुमच्या माणसांनी घोळ घातला, नाहीतर निदान शेवटून तिसरा तरी आलो असतो. ओवाळायचं तर उभ्या उभ्या ओवाळायचं, खाट कशाला टाकायची?

ती पाण्यात आणखी मूठभर मीठ टाकत म्हणाली, "त्यांना बोलू नका. आई उभ्या उभ्याच ववाळणार हुती. खाट मी टाकाय लावली. म्हणलं, ह्यांना कुटंतरी बसावं लागणारच हाय, तर लोकांसमोर रस्त्यात बसण्यापरीस आपल्या ओट्यावर मानानं बसत्याल."

तिनं माझा पाय पाण्यातून उचलून आपल्या पदरानं पुसला, नखाकडं नीट बघितलं, आणि खाली बघतच म्हणाली, "पुढल्या साली न्हाई टाकायची."